चार बोल्ट आणि सीटबेल्ट

डोअर प्लग म्हणजे विमानाच्या भिंतीत जादा आपत्कालीन दरवाजासाठी ठेवलेली जागा बंद करणारे झाकण. ज्या विमानात आसने कमी असतात तिथे हा दरवाजा लागत नाही, म्हणून झाकण बसवतात. त्याला खिडकी असते आणि आतल्या बाजूने ते इतर भिंतीसारखेच दिसते. ते वर सरकून निसटू नये यासाठी चार बोल्ट असतात.

5 जानेवारी 2024 रोजी अलास्का एअरलाइन्सचे बोइंग 737 मॅक्स 9 विमान अमेरिकेतील पोर्टलंडहून 171 प्रवासी आणि 6 कर्मचारी घेऊन निघाले. काही मिनिटांतच, सुमारे 15,000 फुटांवर, डावीकडील झाकण उडाले. आतली हवा वेगाने बाहेर पडली, कॉकपिटचा दरवाजा सताड उघडला आणि भगदाडाजवळच्या एका मुलाच्या अंगातला शर्ट खेचला गेला. वैमानिकांनी ऑक्सिजन मास्क चढवून विमान माघारी आणले. काहींना किरकोळ दुखापत झाली, पण सर्व जण वाचले.

तपासात उघड झाले की चारही बोल्ट लावलेलेच नव्हते. बोइंगच्या रेंटन येथील कारखान्यात शेजारचे खराब रिव्हेट बदलण्यासाठी झाकण उघडले होते. ते काढल्याची नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून परत बसवल्यावर तपासणीही झाली नाही. अशा स्थितीत विमान नोव्हेंबरपासून प्रवासी वाहत होते आणि दर उड्डाणागणिक झाकण जागचे हलत होते.

जीव वाचले त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. भगदाडालगतची दोन आसने रिकामी होती. विमान अजून चढत असल्याने बहुतेक प्रवाशांचे पट्टे बांधलेले होते. हीच घटना 35,000 फुटांवर घडती, तर आतल्या-बाहेरच्या दाबातील फरक खूपच जास्त असता आणि काही प्रवासी जागेवरून उठून फिरत असते.

नशिबावर विसंबून चालत नाही. म्हणून प्रवाशांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पट्टा बांधण्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी बसलेले असताना पट्टा कमरेला घट्ट बांधलेला ठेवावा. मास्क खाली येताच तो आधी स्वतःला लावावा, मग मुलांना. अति उंचीवर ऑक्सिजनविना माणूस मिनिटभरही शुद्धीवर राहत नाही. तान्ह्या बाळाला मांडीवर न घेता शक्यतो वेगळ्या आसनावर, मान्यताप्राप्त बालआसनात बांधावे. अचानक धक्का बसला, तर आईबापाच्या हातांची पकड पुरत नाही.

यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठीही नियम साधे आहेत: जे उघडले ते त्याच वेळी लिहून ठेवावे आणि बंद केल्यावर दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. पाळी बदलताना अर्धवट राहिलेले काम तोंडी न सांगता लेखी सोपवावे.