‘एलियनेशन’चे अर्थ किती?

प्रश्न : मी चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या क्लासला जातो. इतिहासात ‘एलियनेशन’ जमिनीचं, समाजशास्त्रात माणसाचं. इथे मला वाटणारं परकेपणही तेच का?

उत्तर : मूळ लॅटिन ‘एलिअस’, म्हणजे दुसरा. आपलं ते दुसऱ्याचं होणं, हा गाभा. पंजाबच्या १९०० च्या कायद्यात ते जमिनीचं हस्तांतरण. शेतजमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून त्यावर बंधनं आली. आपल्याकडे सारा इनामदाराला लावून दिलेली गावं ‘दुमाला’. इंग्रजी दप्तरात ‘एलियनेटेड’. मार्क्सने १८४४ मध्ये मांडलेलं कामगाराचं स्वतःच्या श्रमापासून तुटणं म्हणजे ‘परात्मता’. तुमचं परकेपण मात्र परमुलुखातलं, माणसं जोडली की ओसरणारं. शेजारच्या बाकावरच्या मुलाशी बोला. सुरुवात तिथूनच होते.