हवालदार मासा

देवळालीच्या रस्त्यानें जातांना बाहीवर तीन पट्टे लावलेला हवालदार आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. आपला हुद्दा सांगण्यास त्याला तोंड उघडावें लागत नाहीं. अशा पट्ट्यांवरूनच ज्याचें बारसें झालें, असा एक मासा आपल्या कोंकणच्या समुद्रांत आहे. इंग्रजींत त्यास ‘सार्जंट मेजर’ म्हणतात. आपण त्यास हवालदार म्हणूं.

आपल्या गोदावरींत हा मिळावयाचा नाहीं. त्यास खारें, ऊबदार पाणी व खडकांचा आसरा लागतो. १६६४ सालीं शिवाजी महाराजांनीं ज्याचा पाया घातला, त्या सिंधुदुर्गाभोंवतीं प्रवाळाचे खडक आहेत. १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. त्या खडकांवर हे मासे थव्यानें फिरतात. लांबी फार तर वीतभर, पाठ पिवळी, पोट रुपेरी, आणि पाठीकडून पोटाकडे उतरणारे पांच काळे पट्टे. मात्र हे पट्टे नर व मादी दोघांसही सारखेच. पलटणींत सगळेच हवालदार, शिपाई एकही नाहीं, असा हा प्रकार!

शास्त्रीय ग्रंथांतील त्याच्या वंशाचें नांव ‘अबुदेफदुफ’ हें निराळ्याच वाटेनें आलें. फोर्स्कोल नांवाचा स्वीडिश पंडित डेन्मार्कच्या राजानें धाडलेल्या मंडळींबरोबर अरबस्तानांत गेला व तांबड्या समुद्रांतील माशांचीं अरबी नांवें त्यानें टिपून घेतलीं. १७६३ च्या जुलैंत येमेनमध्यें तापानें त्याचा अंत झाला. त्याचा सोबती नीबूर त्याच वर्षीं मुंबईस आला. घारापुरीचीं लेणीं पाहून त्यानें त्यांचीं चित्रें काढलीं. त्या मंडळींपैकीं तोच एकटा जिवंत मायदेशीं परतला, आणि १७७५ सालीं त्यानें मित्राचीं टिपणें छापून काढलीं. तसें न होतें तर हें नांव त्या पंडिताबरोबरच मातींत गेलें असतें.

अरबींत ‘अबू’ म्हणजे बाप. ‘अमुक गोष्टीचा धनी’ अशाहि अर्थानें हा शब्द योजितात, हें खरें. पण मला तर या माशाच्या बाबतींत पहिलाच अर्थ गोड वाटतो. कारण विणीच्या दिवसांत नर खडकाचा एक तुकडा चाटूनपुसून स्वच्छ करितो, मादी त्यावर अंडीं चिकटवून निघून जाते, आणि पुढची सारी राखण बापाकडे येते. त्याचें अंग निळसर काळवंडतें. परांनीं तो अंड्यांवर पाणी खेळवितो, आणि आपल्याहून कितीतरी मोठा मासा जवळ आला तरी त्याच्या अंगावर धांवून जातो. अंडीं फुटेपर्यंत त्याचा पहारा सुटत नाहीं.