उभा ट्रॅक्टर, फिरता ट्रॅक्टर : लहान ट्रॅक्टरची साठवण, वाहतूक आणि पीक संरक्षण

द्राक्षाच्या दोन ओळींमधून, डाळिंबाच्या झुकलेल्या फांद्यांखालून किंवा डोंगरउतारावरील अरुंद पट्ट्यांमधून मोठा ट्रॅक्टर सहज चालविता येत नाही. अशा ठिकाणी साधारणपणे १५ ते ३० अश्वशक्तीचा, सुमारे एक मीटर रुंदीचा लहान ट्रॅक्टर उपयोगी पडतो. फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर आणि छोटी ट्रॉली या तिन्ही कामांना तो पुरतो. केंद्र शासनाच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून ट्रॅक्टर व अवजारांच्या खरेदीबरोबरच भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांनाही साहाय्य मिळते. त्यामुळे एकच ट्रॅक्टर एका हंगामात अनेक शेतांत जाणे आता नेहमीचे झाले आहे.

ट्रॅक्टरची निगा म्हटले की इंजिन तेल, गाळण्या आणि टायरमधील हवा यांचा विचार होतो. तो आवश्यकच आहे. तथापि, वर्षभराच्या मानाने ट्रॅक्टरचे कामाचे तास मोजकेच असतात. उरलेल्या काळात तो उभा असतो किंवा एका शेतातून दुसऱ्या शेतात जात असतो. उभा असताना कीटक आणि उंदीर त्याच्याकडे येतात. फिरत असताना किडी, सूत्रकृमी, बुरशी आणि तणांचे बी तो स्वतःच वाहून नेतो. म्हणून ट्रॅक्टरची स्वच्छता हा पीक संरक्षणाचाच एक भाग आहे.

उभ्या ट्रॅक्टरमधील रहिवासी

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली त्याला अंधार, आडोसा आणि कुरतडण्यासाठी वायरी मिळतात. घरट्यासाठी आणलेले गवत, चिंध्या व कागद इंजिनाच्या आसपास साठतात. उघड्या पडलेल्या वायरींमुळे शॉर्टसर्किट झाल्यास हेच वाळलेले गवत पेट घेते. म्हणून दीर्घकाळ उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून पाहणे अनिवार्य मानावे. घरटे काढताना हातमोजे वापरावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो.

मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी लहान छिद्रांच्या शोधात असते. मादी ओल्या मातीच्या गोळ्या आणून पोकळी लिंपते, आत लुळ्या केलेल्या अळ्या किंवा कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड बंद करते. डिझेल टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र असे बुजले, तर टाकीत निर्वात स्थिती निर्माण होऊन इंजिनाला इंधन कमी पडते आणि चालता ट्रॅक्टर बंद पडतो. गिअरपेटीचे हवेचे छिद्र बुजल्यास आतील दाब वाढून तेल झिरपू लागते. ही बाब क्षुल्लक समजू नये. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर अशाच एका प्रजातीच्या माश्या विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्यांत घरटी करतात. त्यामुळे तेथे विमान उभे असताना त्या नळ्यांवर आवरणे घालावी लागतात. कुंभारीण वर्गातील अनेक माश्या पिकांवरील अळ्या पकडत असल्याने त्या शेतकऱ्याच्या मित्र आहेत. त्यांना मारण्याऐवजी धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घालावा आणि हवेची छिद्रे दर पंधरा दिवसांनी तपासावीत. सुरू करण्यापूर्वी डबा काढण्याची आठवण राहावी म्हणून त्याला लाल फडके बांधून त्याचे टोक स्टिअरिंगपर्यंत आणावे.

गांधीलमाशी मात्र थेट चालकाला धोका निर्माण करते. चाकावरील पत्र्याची आतील बाजू, आसनाचा तळ आणि अवजारपेटी या तिच्या आवडत्या जागा आहेत. इंजिनाच्या थरथरीने चवताळलेल्या माश्या चालकावर तुटून पडल्या आणि ट्रॅक्टर त्या वेळी उतारावर असला, तर डंखापेक्षा उलटण्याचा धोका मोठा असतो. काही व्यक्तींना डंखामुळे तीव्र ॲलर्जी होऊन श्वास घेणे कठीण होते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. बसण्यापूर्वी आसनाखाली व पत्र्याखाली नजर टाकण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. पेटीत सातेरी मधमाशीची वसाहत आढळल्यास ती न जाळता जवळच्या मधपाळास बोलावून हलवावी.

वाळवी लोखंड खात नाही, परंतु रोटाव्हेटर ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकविलेला असतो, ते ठोकळे ती आतून पोखरते. वरून ठोकळा शाबूत दिसतो आणि अवजाराखाली हात घातला असताना तो पिचतो. यासाठी टेकू दगडाचा किंवा लोखंडी घोडीचा असावा. शेडजवळ टाकलेल्या जुन्या टायरांमध्ये पावसाचे पाणी साचून डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासांची पैदास होते. या डासांची अंडी कोरड्या स्थितीत काही महिने तग धरतात, म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. टायर आतून घासून आडोशाला ठेवावेत किंवा त्यांची विल्हेवाट लावावी.

निवारा कसा असावा

महागड्या शेडची गरज नाही. कोरडी जमीन, छप्पर आणि मोकळी हवा या तीन गोष्टी पुरेशा आहेत. शेडभोवतीचा सुमारे एक मीटरचा पट्टा गवतरहित ठेवावा. उंदीर उघडी जागा ओलांडण्यास कचरतो आणि वाळवीची मातीची नळी अशा पट्ट्यात लगेच दिसते. ट्रॅक्टरशेजारी धान्य, पेंड किंवा कडबा साठवू नये, कारण उंदीर तेथे अन्नासाठीच येतो. कीटकनाशके कुलूपबंद व स्वतंत्र जागेत ठेवावीत. रासायनिक खतांची पोतीही दूर ठेवावीत. ती हवेतील ओलावा शोषतात आणि पत्रा गंजतो.

महिन्याहून अधिक काळ ट्रॅक्टर उभा राहणार असल्यास डिझेलची टाकी पूर्ण भरून ठेवावी. अर्ध्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून गाळण्या चोंदतात. बॅटरीचे ऋण टोक सोडावे. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले गवत व मेलेले कीटक हवेच्या झोताने साफ करावेत. झोत पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला असावा, अन्यथा कचरा अधिक आत रुततो.

मातीसोबत काय जाते

लष्करी अळीच्या पतंगाला प्रवासासाठी ट्रॅक्टरची गरज नसते. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि तिचे पतंग उडत उडत अल्पावधीत देशभर पसरले. परंतु अनेक शत्रूंना पंख नसतात. ते वाहक शोधतात, आणि चिखलाने माखलेला टायर हा त्यांचा उत्तम वाहक आहे.

बटाट्यावरील पुटी सूत्रकृमी हे याचे ठळक उदाहरण आहे. ही सूत्रकृमी भारतात प्रथम १९६१ मध्ये निलगिरीत आढळली. पुढे हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंड येथेही तिची नोंद झाली. मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या एका पुटीत काहीशे अंडी असतात आणि ती जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात. टायरच्या खाचेतील मातीच्या एका ढेकळात अशा किती पुट्या मावतील, याचा अंदाज यावरून करता येईल.

केळीवरील पनामा मर रोगाचा ‘टीआर ४’ हा प्रकार गेल्या दशकात बिहारमधील कटिहार परिसरात आढळला. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकतात आणि ग्रँड नैनसारख्या वाणांना त्याची बाधा होते. ऑस्ट्रेलियातील टली खोऱ्यात २०१५ मध्ये हा रोग सापडल्यावर वाहने व यंत्रे धुतल्याशिवाय शेतात येऊ वा जाऊ न देण्याचे कडक नियम करण्यात आले. जमिनीत शिरलेली ही बुरशी औषधाने काढून टाकता येत नाही. तिला बांधावरच रोखावे लागते.

महाराष्ट्रातील बागायतदारांनाही हा विषय परका नाही. डाळिंब व पेरूच्या मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी तसेच डाळिंबाचा मर रोग मातीसोबत पसरतात. द्राक्षबागेतील पिठ्या ढेकणाची इवलीशी पिल्ले पाला, वेलींचे तुकडे, मजुरांचे कपडे आणि अवजारे यांच्यासोबत शेजारच्या बागेत पोचतात. शेणखताच्या ट्रॉलीतून हुमणीच्या अळ्या येतात. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुणे परिसरात प्रथम लक्षात आलेले गाजर गवत आज देशभर आहे. त्याच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि त्या चिखलासोबत सहज चिकटतात.

धुण्याची जागा आणि वेळ

ट्रॅक्टर धुतला जातो, पण बहुधा घरी आल्यावर. तोपर्यंत माती रस्त्यावर, शेजारच्या बांधावर आणि स्वतःच्या अंगणात सांडलेली असते. पीक संरक्षणाच्या दृष्टीने योग्य नियम एकच आहे : ज्या शेतातील माती, ती त्याच शेतात उतरवावी. शेताच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, विहीर व पाटापासून दूर, खडी टाकलेली थोडी उंच जागा यासाठी राखावी आणि तेथील पाणी त्याच शेतातील एका खड्ड्यात मुरवावे.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम इंजिन बंद करून, पीटीओ थांबल्याची खात्री करून आणि उचललेले अवजार टेकूवर ठेवून खुरपी व ताठ ब्रशने कोरडा चिखल काढावा. रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळलेली मुळे व तण कापून काढावेत. त्यानंतर पाण्याच्या झोताने टायरच्या खाचा, चाकांची आतील बाजू, पायऱ्या आणि ट्रॉलीचा तळ धुवावा. गरम इंजिन, अल्टरनेटर आणि वायरींच्या जोडांवर झोत मारू नये. रोगग्रस्त शेतात काम झाले असल्यास शेवटी शिफारस केलेले निर्जंतुक वापरावे. चिखलावर निर्जंतुक ओतणे म्हणजे ते वाया घालविणे होय. सेंद्रिय पदार्थांच्या संपर्कात त्याची शक्ती क्षीण होते. ब्लीचिंगचे द्रावण लोखंड गंजविते, त्यामुळे ते वापरल्यास नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे.

ब्लोअरची टाकी, नळ्या व नोझल तीन वेळा खळबळून घ्यावेत. २,४-डी या तणनाशकाचा अल्पसा अंश टाकीत राहिला, तरी द्राक्ष आणि कपाशीची पाने विकृत होतात.

वाहनावरून नेताना

दूरच्या शेतावर लहान ट्रॅक्टर पिकअप किंवा टेम्पोतून नेला जातो. ट्रॅक्टर आणि अवजार यांचे एकत्रित वजन वाहनाच्या नोंदणीपत्रातील भारक्षमतेत बसते काय, हे आधी पाहावे. वाहनाच्या हौद्याच्या उंचीच्या किमान चौपट लांबीच्या मजबूत फळ्या वापराव्यात. दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडावेत आणि ट्रॅक्टर सर्वांत कमी गतीत, उलट दिशेने वर चढवावा. पुढच्या दिशेने तीव्र चढ चढताना तो मागे उलटू शकतो. मागे किंवा बाजूस कोणीही उभे राहू नये. वर घेतल्यावर हातब्रेक लावून, चाकांना अटकाव देऊन, सांगाड्याला चारही बाजूंनी साखळी किंवा पट्टे बांधावेत. धुणे चढविण्यापूर्वीच उरकावे. ओल्या चिखलाने टायर फळीवरून घसरतात, म्हणून स्वच्छ टायर शेताइतकाच चालकालाही सुरक्षित ठेवतो. हौद्यात उतरलेली माती पुढच्या मुक्कामी झाडून टाकू नये. ती पिशवीत भरून परत आणावी.

भाड्याच्या ट्रॅक्टरचा प्रश्न

खरी अडचण हंगामातील घाईची आहे. पाऊस तोंडावर असताना दहा शेतकरी वाट पाहत असतात आणि प्रत्येक शेतानंतर धुण्यासाठी लागणारा वेळ म्हणजे मालकाचे बुडालेले भाडे. त्यामुळे न धुण्यात मालकाची बचत होते आणि त्याचा तोटा मात्र पुढच्या शेताच्या मालकाला अनेक वर्षे सोसावा लागतो. हा प्रश्न केवळ उपदेशाने सुटणार नाही. त्यासाठी व्यवहारातच तरतूद हवी. भाडे ठरवितानाच धुण्याचा वेळ त्यात धरावा. पाणी व जागा शेतकऱ्याने द्यावी, धुण्याचे काम चालकाने करावे आणि ट्रॅक्टर आत येण्यापूर्वी तो पाहण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी गटाच्या बैठकीत कामाचा क्रम ठरवून द्यावा : नवी लागवड व निरोगी बागा प्रथम, लक्षणे असलेल्या बागा सर्वांत शेवटी. या क्रमाला एक रुपयाही खर्च येत नाही. मात्र रोग लपविण्याची प्रवृत्ती त्याच्या आड येते. ज्याच्या बागेत मर आहे, त्याला ट्रॅक्टर नाकारला जाईल असे वाटले, तर तो मर सांगणार नाही. त्याचा क्रमांक शेवटचा असेल, परंतु निश्चित असेल, असा विश्वास गटाने त्याला दिला पाहिजे. तो विश्वास असेल तरच प्रादुर्भावाची माहिती वेळेवर मिळते आणि शेजारच्या बागा वाचतात.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

• सुरू करण्यापूर्वी बॉनेट, आसनाचा तळ, धुराडे आणि हवेची छिद्रे तपासावीत.
• शेडमध्ये धान्य, कडबा, खते व कीटकनाशके ठेवू नयेत.
• शेत सोडण्यापूर्वी त्या शेताची माती तेथेच उतरवावी.
• आधी चिखल काढावा, मगच निर्जंतुक वापरावे.
• निरोगी शेत प्रथम, बाधित शेत शेवटी.

लहान ट्रॅक्टर जेथे मोठा पोचत नाही तेथे पोचतो, हाच त्याचा गुण आहे. त्याच्या टायरला चिकटलेला चिखलही तेथपर्यंत पोचतो, हे ध्यानात ठेवून प्रत्येक शेताच्या वाटेवर एक बादली आणि एक ब्रश ठेवल्यास बागेचे मोठे नुकसान टळू शकते.