संगणकाच्या स्मृतीची मर्यादा

संगणकात जेवढी स्मृती, म्हणजे रॅम, बसवावी तेवढी तो वापरील, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. यंत्राचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या प्रणालीच्या हाती असतो आणि या कारभारणीची पोच ठरलेली असते.

स्मृती म्हणजे लहान लहान कप्प्यांचे एक कपाटच होय. प्रत्येक कप्प्यात एक बाइट मावतो व प्रत्येकास क्रमांक असतो. हा क्रमांक शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहावयाचा असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत क्रमांकास २० जागा होत्या. म्हणून कप्पे झाले १०,४८,५७६, म्हणजे एक मेगाबाइट. त्यांतील ३८४ किलोबाइट पडदा व इतर उपकरणे यांसाठी राखून ठेवलेले असत. उरलेल्या ६४० किलोबाइटांत डॉस ही प्रणाली आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम यांना दाटीवाटीने राहावे लागे. पुढे जागा ३२ झाल्या आणि कप्प्यांची संख्या ४,२९,४९,६७,२९६ वर गेली. यालाच चार गीगाबाइट म्हणतात. १९९५ साली पेंटियम प्रो या प्रोसेसरने ३६ जागा दिल्या व मर्यादा ६४ गीगाबाइट झाली. लिनक्सने तिचा लाभ घेतला. ३२ बिटांची विंडोज ७ मात्र चारावरच थांबली.

दुसरी मर्यादा गणिताची नसते, विक्रेत्याने घातलेली असते. २००९ साली ६४ बिटांची विंडोज ७ निघाली, तेव्हा तिच्या होम बेसिक आवृत्तीस ८, होम प्रीमियमला १६ आणि प्रोफेशनलला १९२ गीगाबाइटांची मर्यादा होती. यंत्र तेच, क्रमांकही तेच. फरक केवळ परवान्याचा! हे कुंपण रास्त की अरास्त, यावर वाद होऊ शकेल; परंतु ग्राहकास ते आधी ठाऊक असावे, यात वाद नाही.

समजा, एखाद्या शाळेने होम बेसिक असलेल्या संगणकात १६ गीगाबाइट स्मृती बसविली. संगणक बिनतक्रार सुरू होईल. पण निम्मी स्मृती, आणि तिच्यावर खर्चिलेला पैसा, आत नुसता पडून राहील. म्हणून संगणकांची देखभाल करणारे जाणते लोक एक नोंदवही ठेवतात. तीत प्रणालीचे नाव, आवृत्ती, बिटांची संख्या आणि स्मृतीची कमाल मर्यादा लिहितात. शेजारी मदरबोर्डाची मर्यादाही टिपतात. दोहोंपैकी लहान आकडा असेल, तेवढीच स्मृती विकत घ्यावयाची. आवृत्तीचा रकाना रिकामा ठेवून मात्र चालत नाही. कारण ८ आणि १९२ हे दोन्ही आकडे विंडोज ७ चेच आहेत.