नळाचे टोक आणि हत्याराची जुळणी

गावच्या पाणीपुरवठा योजनेची चर्चा होते ती विहीर, पंप आणि टाकी यांची. नळाच्या टोकाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः दोन नळ जेथे एकमेकांस मिळतात तेथेच गळतीचा संभव अधिक असतो. दिवसातून तास-दोन तासच पाणी सोडले जाते अशा ठिकाणी हा दोष केवळ पाण्याच्या नासाडीपुरता राहत नाही. पुरवठा थांबला की नळातील दाब उतरतो आणि ज्या फटीतून पाणी बाहेर पडत होते, तिच्यातूनच भोवतालचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते.

जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ आट्यांनी जोडले जातात. या आट्यांचा 55 अंशांचा कोन इंग्लंडमधील अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने 1841 साली सुचविलेल्या पद्धतीतून आला आहे. अर्ध्या व पाऊण इंची नळावर दर इंचास 14 आटे असतात, तर एक ते सहा इंची नळांवर 11. टोकावरील आटे किंचित निमुळते असतात. दर 16 मिलिमीटर लांबीस व्यासात 1 मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे सॉकेट फिरवीत नेले की ते घट्ट होत जाते. ‘अर्धा इंची’ म्हटलेला नळ बाहेरून मोजला तर सुमारे 21.3 मिलिमीटर भरतो, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष मोजून घेण्याजोगी आहे.

आटे पाडण्याच्या एका प्रचलित हत्यारात चार दातेरी डाय बसविलेले असतात. ते क्रमांकानुसारच बसवावे लागतात; क्रम चुकला की आटे फाटतात. नळाचे माप बदलले की डाय सैल करावयाचे, नव्या खुणेवर आणावयाचे, टाकाऊ तुकड्यावर आटे पाडून पाहावयाचे आणि सॉकेट नीट बसले नाही तर पुन्हा प्रारंभ करावयाचा. प्रत्यक्ष कापण्यापेक्षा या जुळणीतच अधिक वेळ जातो. याहून गंभीर परिणाम निराळाच आहे. जुळणी कटकटीची असली की कारागीर बोथट डाय बदलण्याचे टाळतो. आटे खरखरीत निघतात, आणि ती उणीव सुतळी व सफेद्याने झाकली जाते. म्हणून जुळणी सुलभ करणे हा गुणवत्तेचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार जपानमधील अभियंता शिगेओ शिंगो यांनी केला. 1950 साली हिरोशिमा येथील एका मोटार कारखान्यात पाहणी करताना त्यांनी जुळणीच्या कामाचे दोन भाग पाडले: यंत्र थांबवूनच करावे लागणारे काम आणि यंत्र चालू असताना बाहेर करून ठेवता येणारे काम. 1969 साली टोयोटाच्या कारखान्यातील एका हजार टनी प्रेसची जुळणी चार तासांवरून प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आली, ती याच विचाराने. बाहेर हलविता येईल ते बाहेर हलवावयाचे आणि मोजमाप हत्यारातच बांधून ठेवावयाचे, हे त्यातील सूत्र.

नळाच्या टोकाला हे सूत्र चांगले लागू पडते. काही रॅचेट हत्यारांत प्रत्येक मापाचे स्वतंत्र डोके असते. एक काढून दुसरे बसविले की काम सुरू. खूण जुळविण्याचा प्रश्नच उरत नाही. डोकी अधिक विकत घ्यावी लागतात हे खरे. पण वाडीवस्तीवर काम करणाऱ्यास हा खर्च परवडण्यासारखा आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रांत आपोआप उघडणारे डोके मिळते. नळाचे टोक ठरलेल्या ठिकाणी पोचताच ते एका खटक्यास लागते आणि डाय मागे सरतात. आट्यांची लांबी कारागिराच्या नजरेवर अवलंबून राहत नाही, आणि हत्यार उलटे फिरवीत बाहेर काढण्याचा वेळही वाचतो.

मोठ्या व्यासाच्या पोलादी नळांस वेल्डिंगने जोडण्यापूर्वी टोकास तिरकी कड द्यावी लागते. साडेसदतीस अंश हा एक नेहमीचा कोन. गॅसने कापून, ग्राइंडरने घासून ही कड काढली तर ती सर्वत्र सारखी येणे कठीण. त्यासाठीचे सुटे यंत्र नळाच्या पोटात शिरते. एकच दांडा ओढला की त्याचे तीन जबडे सारखेच पसरतात आणि यंत्र मध्यावर बसते. कोन पात्यालाच घासून दिलेला असल्याने तो लावावा लागत नाही. तिरकी कड आणि सपाट तोंड यांची पाती एकाच वेळी बसविली म्हणजे दोन्ही कामे एका फेरीत होतात. पाते अनेक धारांचे असेल तर एक धार गेल्यावर ते वळवून पुन्हा त्याच बैठकीत ठेवावयाचे. माप बिघडत नाही. नळ पूर्ण गोल नसेल तर आतल्या पृष्ठभागावरून फिरणारे चाक पात्यास वाट दाखविते.

पंचायत सदस्यास ही यंत्रे तपासता येणार नाहीत. काम मात्र तपासता येईल. लहान नळावर सॉकेट हाताने साधारणतः तीन-चार फेरे चढावे व पुढे पान्याची गरज पडावी. शेवटपर्यंत हातानेच गेले तर आटे खोल पडले आहेत. नळाच्या तोंडात बोट फिरविल्यास कापताना आत वळलेली धार लागू नये. ती रीमरने काढलेली असावी, नाहीतर पाण्याची वाट तेथेच अरुंद होते. आटे पाडताना त्या जागेचा जस्ताचा मुलामाही निघून जातो. म्हणून सॉकेटबाहेर उघडे राहिलेले आटे रंगविल्यावाचून चर बुजवू देऊ नये.