शेकडा दोन

व्याजाची उदाहरणे आपण वहीत अचूक सोडवितो. घरात मात्र ती आठवत नाहीत. चवथीच्या खर्चासाठी ‘शेकडा दोन’ दराने पैसे काढले, तर दर अल्प भासतो. परंतु तो दरमहाचा! वर्षाचे सरळ २४ टक्के झाले. ७२ ला वार्षिक दराने भागिले असता रक्कम दुप्पट होण्याची वर्षे सुमाराने कळतात. थकलेले व्याज मुद्दलात मिळत गेल्यास १,००० रुपयांचे कर्ज ३ वर्षांत २,००० च्या घरात जाते; ६ टक्क्यांच्या ठेवीस तितके वाढण्यास १२ वर्षे लागतात. तेव्हा हाती शिल्लक असल्यास आम्ही प्रथम असले कर्ज फेडावयास सांगू, ठेव मागाहून. घरी कर्जाचा कागद आल्यास विद्यार्थ्यांनी तो पालकांस वाचून दाखवावा, आणि दरापुढे ‘दरमहा’ आहे की ‘दरसाल’, हे सहीपूर्वी पाहावे.