दात किडतात कसे?

‘दाताला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो, पण दातात किडा कधीच नसतो. दात पोखरते ते आम्ल, आणि ते आपल्याच तोंडातील जिवाणू तयार करतात.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून पाहा. जो बुळबुळीत थर लागतो, त्याला प्लाक म्हणतात. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा दातांवर बसतो आणि त्याला जिवाणू चिकटू लागतात. त्यातील काही जिवाणू साखरेपासून डिंकासारखा पदार्थ बनवतात, म्हणून नुसत्या चुळीने हा थर निघत नाही. डेल्फ्ट शहरातील कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा थर स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले. ते रोज मिठाने दात घासत असत, तरीही!

पुढचा भाग मला, वाणिज्य शिकत असल्यामुळे असेल, जमा-खर्चाच्या वहीसारखा वाटतो. गोड खाल्ले की थरातील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, काही मिनिटांत त्याचे आम्ल करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघू लागते. हा खर्च. मग लाळ आम्ल सौम्य करते आणि खनिजे परत भरते. ही जमा. त्यासाठी तिला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे किती गोड खाल्ले याइतकेच, किती वेळा खाल्ले हेही महत्त्वाचे आहे.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म या संस्थेत १९४० च्या दशकात हे दिसून आले. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी चिकट टॉफी मिळालेल्यांचे झपाट्याने किडले. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला ते बौद्धिक दिव्यांग होते आणि त्यांची संमती घेतलेली नव्हती. आपल्याला मिळालेले हे ज्ञान त्यांच्या दुखण्यातून आले आहे.

आता आपली दिनचर्या पाहा. सेवेच्या दिवशी चार-पाच वेळा गोड चहा होतो. जप करताना गालात खडीसाखर असते. उपवासाला खजूर आणि चिक्की थोडी थोडी दिवसभर चालते. गूळ आणि मध ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धास्त खाल्ले जातात, पण जिवाणूंना तो फरक कळत नाही. प्रसाद अवश्य घ्यावा; तो तिथेच खाऊन संपवावा आणि चूळ भरावी. झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्री ब्रश केल्यावर दूधही नको.

किडण्याची पहिली खूण काळी नसून पांढरट, खडूसारखा डाग असते. तेव्हा फ्लोराइडयुक्त पेस्टने आणि वरचेवर खाणे थांबवल्याने तो भाग पुन्हा बळकट होऊ शकतो. खड्डा पडला की मात्र कोणतेही मंजन तो भरत नाही. लवंगेच्या तेलाने ठणका कमी होतो, कीड थांबत नाही. आणि खूप दुखणारा दात उपचाराशिवाय अचानक दुखायचा थांबला, तर तो बरा झाला असे समजू नका. आतली नस मेलेली असू शकते आणि मुळाशी पू साठत राहतो. अशा वेळी त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे जा.